कार्डाचा उरलेला अर्धा

मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे. खरे सांगायचे तर कार्डाचा उजवा अर्धा. सोनेरी चिप आणि मालकिणीचे नाव डाव्या अर्ध्यावर होते. माझ्या वाट्याला शेवटचे काही आकडे आणि दोन गोल कोपरे आले. तेव्हा मित्रांनो, गोष्ट मध्येच तुटली तर सांभाळून घ्या.

मालकीण कपडे शिवते. मी घरी आलो तेव्हा तिने मला बाहीने पुसले होते. माझ्याच जिवावर शिवणीच्या कडा पक्क्या करणारे ओव्हरलॉक मशीन आले. आता हाताने कडा मारून बोटे झिजवायला नकोत, असे ती शेजारी काजे-बटणे करत बसलेल्या नणंदेला म्हणाली. मग सासऱ्यांचे ऑपरेशन निघाले. मग अस्तर, दोरे, दुकानाचे भाडे. दर वेळी मी पुढे झालो आणि सगळ्यांनी माझे कौतुक केले. बँक मागेल ती कमीत कमी रक्कम ती दरमहा भरायची आणि कर्ज फिटतेय असे समजायची. व्याज मात्र वाढतच होते.

शेवटी तेवढीही रक्कम जमेना आणि मी बंद पडलो. तिने मला सुयांच्या डब्यात टाकले. खिशाचा कोपरा गोल आखायचा असला की बाहेर काढायची, माझ्या कडेने खडू फिरवायची आणि पुन्हा डब्यात.

वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले. दंड सोडून हप्ते बांधून देतो म्हणाला, पहिला कधी भरता? मित्रांनो, इथे ती चुकली. गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून जवळची तारीख द्यायची, ही शिवणाऱ्या माणसांची सवय. कपडा मंगळवारी होणार हे ठाऊक असूनही आधीचा शुक्रवार सांगायचा. त्यालाही तिने तसेच सांगितले.

"शुक्रवारी नक्की."

"वहिनी, तो गिऱ्हाईक नाही गं," नणंद दोरा तोडत म्हणाली. "त्याला चहा पाजून परत नाही पाठवता येणार."

शुक्रवार आला आणि

इथे मला कुणी कापलेले नाही. सांगण्यासारखेच काही नाही. पैसे नव्हते.

ठरलेले मोडले. सोडलेला दंड पुन्हा चढला आणि बँकेच्या ऑफिसातून बोलावणे आले. मला आणि नणंदेला घेऊन ती गेली. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी स्पष्ट सांगितले की ही शेवटची संधी आहे. आता हप्ता चुकला तर प्रकरण कोर्टात जाईल.

मी मालकिणीच्या मुठीत होतो, घामाने ओला. तिने मनाशी हिशोब केला. मग म्हणाली, "ओव्हरलॉक विकते. त्याचे येतील ते आधी घ्या. नंतर महिन्याला एवढंच जमेल." तिने आकडा सांगितला. लहान होता.

"फारच कमी आहे. वर्षानुवर्षं भरत बसाल."

"बसेन. जास्त सांगितलं तर ते खोटं असेल."

बाई आत जाऊन साहेबांना विचारून आल्या. होकार मिळाला, पण कार्ड तिथेच कापायचे होते. नणंदेने पिशवीतून कात्री काढली. मालकिणीने तिचा हात धरला. "ती कापडाची आहे. धार जाईल."

मग ऑफिसच्या बोथट कात्रीने मला कापले. पुन्हा पुन्हा दाबावी लागली. चिपचा अर्धा त्यांनी ठेवून घेतला. मला तिने मागून घेतले, खिशाच्या कोपऱ्यासाठी.

ओव्हरलॉकच्या जागी आता फरशीवर चार पायांच्या खुणा आहेत. कडा पुन्हा हाताने मारल्या जातात. काल एक जुनी गिऱ्हाईक कापड घेऊन आली. शुक्रवारी देशील ना, म्हणाली. मालकिणीने ढिगाकडे पाहिले.

"नाही ताई. पंधरा दिवस लागतील."

गिऱ्हाइकाने कापडाची घडी परत पिशवीत घातली आणि ती निघून गेली. नणंदेने सुईत दोरा ओवला. हप्ता जवळ आला आहे.

मित्रांनो, तुमच्या हातीही कधी माझ्यासारखे चकचकीत कार्ड येईल. मला जपा, असे मी म्हणणार नाही. शब्द देण्याआधी आपल्या हातून किती होईल ते पाहा, आणि जे होणार नाही ते वेळेवर सांगा. माझी मालकीण ते सांगायला शिकली, तोवर ते फार महाग झाले होते.

थांबतो. तिने खडू घेतला आहे.