मी कोरडा तलाव बोलतोय

मी पोहण्याचा तलाव बोलतोय, लातूरच्या एका क्रीडा केंद्रातला. हसू नका, पण पाणी कसं लागतं ते मला अजून ठाऊक नाही. माझं सगळं आयुष्य कागदावरच चाललंय.

नकाशे काढणाऱ्या आर्किटेक्ट मुग्धाताईंच्या पेन्सिलीतून माझा जन्म झाला. वर छप्पर, म्हणजे उन्हाने पाणी आटायला नको आणि बायकांनाही आडोसा. तेच पाणी गाळून पुन्हा वापरायचं. पोटात शर्यतीचे पाच पट्टे, कोपऱ्यात पोलादी शिडी. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

एका सकाळी केंद्रामागच्या मोकळ्या जागेत पांढऱ्या फक्कीने माझ्या खऱ्या मापाच्या रेघा मारल्या. झाडलोट करणाऱ्या केवळाबाई झाडूसकट माझ्यात शिरल्या. गुडघ्यांनी त्यांना जेरीस आणलं होतं आणि डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. माझी वाट त्यांच्याइतकी कुणीच पाहत नव्हतं.

"ताई, म्या उतरू कुठून?"

"ही इथे शिडी असेल ना, मावशी," मुग्धाताई म्हणाल्या.

"ह्या गुडघ्यानं शिडी? आमच्या गावच्या बारवंला बी पायऱ्या हायत की!"

मुग्धाताईंनी नकाशा उलगडून पेन्सिल काढली. केंद्राच्या समितीचे अध्यक्ष दत्तोपंत सर मात्र उखडले. "पायऱ्या केल्या तर एक पट्टा जाईल. स्पर्धा कशा भरवायच्या? शिडीला काय होतंय? हे बघा!"

भिंतीला रंगाऱ्याची शिडी टेकलेली होती. सर तरातरा चढले आणि चौथ्या पायरीवर त्यांचा गुडघा आखडला. ना वर जाता येई, ना खाली.

"सावकाश, सर. म्या धरून राहिले," केवळाबाईंनी झाडू टाकून शिडी धरली.

सर उतरले, घाम पुसला. "पायऱ्याच करा," ते हळूच म्हणाले, "रुंद करा. कठडाही लावा."

माणसांची मला मोठी गंमत वाटते. दुसऱ्याचा गुडघा त्यांना दिसतच नाही, स्वतःचा कुरकुरला की नकाशा बदलतो.

आता मी चार पट्ट्यांचा आणि सात पायऱ्यांचा झालोय, कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेला. फक्की कधीच उडून गेली. फरशी पुसून झाली की केवळाबाई ओल्या बोटाने माझ्या पायऱ्या मोजतात. सातव्या पायरीवर त्या बोटाचा डाग पडलाय. पाणी म्हणतात ते हेच का? असेल तर मला ते फार आवडलं.

"कवा भरनार रे बाबा तू?" काल त्यांनी विचारलं. मोजता मोजता सहाव्या पायरीपाशीच गुडघे दुखून त्या खुर्चीवर टेकल्या होत्या.

तेवढं खोदकाम लवकर सुरू करा. माझं काय, मी कितीही थांबेन. मला गुडघे नाहीत.