हाताने कसलेले स्क्रू

सुताराने नवी कडी दारावर धरली, पेन्सिलने खूण केली आणि तिथेच त्याचा हात थांबला. ही दाराची बाहेरची बाजू होती.

"साहेब, खोलीची कडी आतून असते ना?"

"बाहेरूनच हवी," घराचा मालक म्हणाला. "बायको झोपेत चालते. परवा जिन्यावरून पडता पडता वाचली. काळजी असते हो."

तो हसला, पण त्याची नजर सुताराच्या हातावरून हलली नाही. खोलीच्या आत कोणीतरी खोकलं आणि लगेच गप्प झालं.

भीती वाटली की सुतार बोलत सुटायचा, आणि बोलायला त्याच्याकडे विषय एकच होता. "हे बघा, एका मिनिटात होईल. मशीन आहे माझ्याकडे. हाताने स्क्रू पिळणं म्हणजे दारात गाडी असताना पायपीट करणं. करवत, रंधा, गिरमिट, सगळं काचेच्या कपाटात ठेवावं आणि पाहुण्यांना दाखवावं." हे भाषण त्याने हार्डवेअरच्या दुकानात इतक्या वेळा केलं होतं की सगळे त्याला मशीनवालाच म्हणत. त्याला ते आवडायचं.

वडीलही सुतारच. त्यांचं आणि याचं या एका गोष्टीवरून जन्मभर वाजलं. "मशीनने कसलेलं हाताने सुटत नाही रे," ते म्हणायचे. "उद्या ज्याला ते उघडावं लागेल, त्याचाही विचार करावा." यावर हा म्हणायचा, "अण्णा, सुटू नये म्हणूनच तर कसतो." वडील गेले. त्यांचा लाकडी मुठीचा पेचकस मात्र याच्या पिशवीच्या तळाशी राहिला. कधी वापरला नाही, कधी काढूनही टाकला नाही.

कडी बसली. दार लावून बघायला म्हणून तो आत गेला. खोली मुळात अडगळीची असावी. खिडकीला गज, एक खाट, आणि खाटेवर मालकाची बायको. मालक उंबऱ्यातच उभा होता. इतक्यात त्याचा फोन वाजला आणि बोलत बोलत तो बाहेरच्या खोलीत गेला.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली, "मी झोपेत चालत नाही."

सुताराने मान वर केली नाही. पण खाटेच्या कडेवर घट्ट दाबलेला तिचा हात त्याला दिसला, आणि मनगटाभोवतीचे काळेनिळे वळही दिसले. परक्याच्या घरात नाक खुपसू नये, हे तो धंद्यात शिकला होता. या माणसाकडे सुताराचा नंबर होता, घरचा पत्ता होता, आणि त्या पत्त्यावर दिवसभर सुताराची बायको एकटी असे. शिवाय माणूस खरं बोलत असला तर? ही उद्या खरंच जिन्यावरून कोसळली तर? झोपेत चालणारं माणूस तसं कबूल थोडंच करतं.

तो दाराकडे वळला. बिजागऱ्या जुन्या पट्टीच्या होत्या, दाराच्या आतल्या अंगावर ठोकलेल्या. स्क्रूची डोकी समोर उघडी होती, पण गंजून आणि रंग बसून ती बुजली होती. ती कुठल्याही बाईच्या हाताला दाद देणार नव्हती, त्याच्याही नाही.

"साहेब, बिजागऱ्या करकरतात," तो मोठ्याने म्हणाला. आवाज फाटला. "बदलून टाकतो स्क्रू."

"आटपा लवकर," बाहेरून उत्तर आलं.

जुने स्क्रू त्याने मशीन उलटं फिरवून ओढून काढले. नवे हाताने सहज फिरावेत म्हणून त्यांना साबण चोळला. मग डाव्या हाताने मशीन आवाजापुरतं हवेतच चालू ठेवलं आणि उजव्या हाताने वडिलांच्या पेचकसने एकेक स्क्रू पिळला, दार उभं राहण्यापुरताच. रिकामं मशीन घरघरत होतं. घाम डोळ्यांत उतरत होता, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. बाई बघत होती.

"झालं का?" आवाज जवळ आला होता.

"झालंच."

त्याने पेचकस जमिनीवर ठेवला, खाटेच्या पायाशी. बाईने पाय लांब केला आणि तो आत ओढून घेतला. मालक दारात आला तेव्हा सुतार पिशवी बांधत होता.

"मजबूत आहे ना?" मालकाने विचारलं.

"कडी मजबूत आहे," सुतार म्हणाला. तो मालकाकडे बघत होता, पण बोलत होता तिच्याशी. "बाकी दार काय, बिजागऱ्यांवर उभं असतं."

त्या दिवसापासून फोन वाजला की तो जेवणावरून उठायचा. बायकोने विचारलं तर "पित्त झालंय" म्हणायचा. आठवडा उलटायच्या आत तो फोन आलाच.

"दार पडलंय. येऊन बसवून जा."

न जाणं म्हणजे कबूल करण्यासारखंच होतं. तो गेला. दार भिंतीला टेकून उभं होतं. खाट रिकामी होती. खिडकीच्या कठड्यावर स्क्रू एका रांगेत नीट मांडलेले होते, एकही हरवलेला नव्हता. मालकाने हात पुढे केला. तळहातावर पेचकस होता.

"हा खाटेखाली सापडला. तुमचा का?"

सुताराने तो हातात घेतला. वडिलांच्या अंगठ्याने मुठीला खळगा पडला होता आणि त्यात त्याचाही अंगठा नेमका बसत होता. त्याने अंगठा तिथून उचलला.

"माझा? मला मशीनवाला म्हणतात साहेब. हाताने स्क्रू पिळताना मला कोणी पाहिलं असेल तर दाखवा. दुकानात विचारा कुणालाही."

"विचारलंय," मालक म्हणाला. त्याने सुताराच्या हातातून पेचकस काढून घेतला, खिडकीच्या गजांतून खाली कचऱ्यात फेकला आणि म्हणाला, "बसवा दार. कडी काढून टाका. आता लागणार नाही."

सुताराने दार मशीनने बसवलं, कडकडीत घट्ट. खाली उतरल्यावर तो कचऱ्याच्या ढिगाजवळून गेला, पण वाकला नाही. वरच्या खिडकीत मालक उभा होता.

दुकानदाराने त्याला बघताच हाक मारली. "मशीनवाले, एक जण तुमची चौकशी करून गेला. म्हटलं, हा बाबा पेचकस हातात धरेल तर शपथ."

"बरं केलंत," सुतार म्हणाला. पिशवी त्याने गल्ल्यापाशी टेकवली. "एक पेचकस द्या. लाकडी मुठीचा."

"तुम्हाला? कशाला?"

"असू दे पिशवीत," तो म्हणाला. "परत कुठे विसरायची वेळ आली तर."