सात ठिकाणी बांधलेला दोर

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर आठ महिने गेले नाही, आणि त्याचे कारण मी आहे. मी एक जुना दोर आहे. माझी हकीकत ऐकण्याजोगी आहे का, याची मला खात्री नाही. पण सांगतो.

माझा जन्म उस्मानपुऱ्यात झाला. इब्राहीमभाई तिथे पोस्टमन होते. टपालाच्या थैल्यांची तुटकी सुतळी ते टाकून देत नसत; खिशात घालून घरी आणत. बरीच साठली, की एक टोक ते धरत, दुसरे शेजारचे कडूबा, आणि दोघे मिळून पीळ घालत. असा मी वीस हात लांब झालो. मी मंडपाचे खांब धरले, हौदात पडलेल्या बादल्या काढल्या. लोक कौतुक करत, तेव्हा मला उगीच अवघडल्यासारखे होई.

पुढे मुकुंदवाडीला बिऱ्हाड हलवताना कपाट बांधायला म्हणून कडूबांनी मला मागून नेले. त्याच वर्षी इब्राहीमभाई निवृत्त होऊन वेरूळला मुलाकडे गेले. मी इकडेच राहिलो.

कडूबांच्या घरात मोडलेली वस्तू दुकानात जात नाही, बांधली जाते. बंद पडलेल्या चार्जरची वायर तिथे पडदा धरून आहे. फाटकाची कडी निघाली, तेव्हा माझा पहिला तुकडा पडला. मग कूलरची जाळी, स्कूटरची डिकी, खुर्चीचा पाय. होता होता मी सात ठिकाणी राहू लागलो. खरे सांगू? मला ते आवडत होते.

अशात इब्राहीमभाईंचे कार्ड आले. बकरी घेतली आहे, बांधायला आपला दोर घेऊन ये, तुझी जोहराभाभी खिचडा करणार आहे. कडूबांनी कार्ड वाचले, फाटकाकडे पाहिले आणि ते उशीखाली सारले. एकदा नायलॉनचा नवा दोर घेऊन ते वेरूळला निघालेही. पण दौलताबादहूनच परतले. हाताने वळलेला दोर इब्राहीमभाई ओळखणार नाहीत, असे कसे होईल? चाळीस वर्षांची दोस्ती आता तुटली, असेच ते धरून बसले.

परवा पोस्टमन सत्यम दारात आला. चेहरा उतरलेला.

"काका, वेरूळच्या चाचांनी तक्रार केलीय. मी त्यांचं पत्र गहाळ केलं म्हणत्यात. पत्र मिळूनबी उत्तर न देणारा माणूस त्यांना ठावंच नाय."

कडूबांच्या पत्नी द्वारकाबाई आतून म्हणाल्या, "सांगा की आता. त्या बकरीला नातवंडं झाली असतील, पर ह्यांचं तोंड काय उघडंना."

कडूबांनी एक कोरे कार्ड घेतले. तीन शब्द लिहिले, खोडले. मग एका दमात लिहून सत्यमला वाचून दाखवले.

"इब्राहीमभाई, पत्र मिळालं होतं. पोराची चूक नाही. आपला दोर मी कापला. सात तुकडे आहेत, रविवारी घेऊन येतो. शिव्या जेवण झाल्यावर दे."

मित्रांनो, मोडक्या वस्तूला जुना दोर लावा, वायर लावा, आम्हाला त्यात आनंदच आहे. फक्त कापण्याआधी विचारा, दोर कोणाचा. आणि कापलाच, तर लवकर सांगा.

सत्यमने कार्ड उलटसुलट करून पाहिले. "काका, पत्ता राहिला."

कडूबांनी पत्ता घातला, आणि कार्ड थैलीत पडले.