एकटीची राखण

मी एक म्हातारी गाढवीण आहे. हसलात ना, मित्रांनो? हसा. आमच्या जातीचे नाव निघाले की लोक आधी हसतात आणि मग पाठीवर ओझे लादतात. माझ्या पाठीवर मात्र आजवर कोणी काडीही ठेवलेली नाही. मी राखणदारीण आहे. न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या डोंगरात लिब्रादाबाईंच्या मेंढ्या मी वीस वर्षांहून जास्त काळ राखते आहे. आता गुडघे कुरकुरतात, पण कामावरची जागा मी सोडलेली नाही.

माझे नाव कानेला, म्हणजे दालचिनी. रंगावरून ठेवले. मी आईचे दूध सोडले त्याच आठवड्यात लिब्रादाबाईंनी मला आणून मेंढवाड्यात सोडले. बाई नुकत्याच विधवा झाल्या होत्या. आपल्या मेंढ्यांची लोकर पिंजायची, कातायची, रानातल्या पानाफुलांनी रंगवायची आणि तिच्या घोंगड्या विणायच्या, हाच त्यांचा दिवस आणि हाच त्यांचा विसावा. पण दर वसंतात कोयोटी येत आणि कोकरे उचलून नेत. कोयोटी म्हणजे कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा आमच्याकडचा प्राणी. अक्कल मात्र दोघांहून जास्त. बाईंनी कुंपण घातले, त्याने खालून उकरले. बुजगावणे उभे केले, तर तो त्याच्या सावलीत बसून जांभया देऊ लागला. शेवटी कोणीतरी सांगितले की कुत्र्याच्या जातीचा गाढवाला उपजत राग असतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, ते असे.

मी कोकरांमध्येच वाढले. त्यांच्याबरोबर चरले, त्यांच्याबरोबर पावसात भिजले. मी मेंढीच आहे, फक्त कान जरा लांब आहेत, अशी कित्येक दिवस माझी समजूत होती. तिसऱ्या वर्षी, मी पुरती वाढल्यावर, एक कोयोटी माझ्यादेखत कुंपणातून आत आला. कान मागे पाडून मी जी धावले, ती त्याच्या अंगावरच गेले. माझे रेकणे ऐकून चर्चमधल्या लोकांची प्रार्थना चुकली म्हणे. त्यानंतर कोयोटींनी कुरणावरच्या कड्याखाली उतरणे सोडले. ते वर उंदीर, ससे धरत आणि पोरेबाळे वाढवत. मी खाली माझी माणसे, म्हणजे मेंढ्या, सांभाळी. आमचे वैर नव्हते. हद्द ठरली होती, एवढेच.

माझे फार कौतुक झाले. बाईंचा धाकटा भाऊ ओनोफ्रे शेजारीच राहतो. जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणायचा, "ताई, लोक लग्नात नातवंडांचे फोटो दाखवतात. तू गाढवीचे काय दाखवतेस गं!"

"नातवंडं भेटायला येत नाहीत," बाई म्हणायच्या. "ही रोज दारात असते."

अशी नऊ वर्षे गेली. एका शरद ऋतूत बाईंनी मला कुंपणावर हनुवटी टेकून रस्त्याकडे बघताना पाहिले. खरे सांगायचे तर मी काहीच विचार करत नव्हते. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

"बारा वर्षांत हिने आपल्या जातीचं तोंड बघितलं नाही रे," त्या ओनोफ्रेला म्हणाल्या. "एकटीनं ताटावर बसणं काय असतं, ते मला विचार."

आणि त्यांनी चातोला आणले.

चातो हा एका लाकूडतोड्याचा जुना गाढव होता. नाक बसके, एक कान फाटलेला. आम्ही डोके-शेपूट जोडून उभे राहत असू. त्याची शेपटी माझ्या तोंडावरच्या माश्या हाकलायची आणि माझी त्याच्या. माझ्या मानेच्या मुळाशी एक जागा आहे, तिथे माझे तोंड पोचत नाही. तिथे तो दातांनी हळूहळू खाजवायचा. मित्रांनो, बारा वर्षे तिथे खाज होती आणि मला ती ठाऊकच नव्हती. मी फार सुखात होते.

वसंत आला. मेंढ्या व्यायल्या. दहा दिवसांत चार कोकरे गेली.

आता कबूल करते. चौथे कोकरू गेले त्या सकाळी त्याच्या आईचा आवाज मी ऐकला होता. मी मान वर केली. चातो खाजवत होता. मला वाटले, जाऊ, आत्ता जाऊ. मी गेले नाही.

ओनोफ्रे कुरणात आला आणि रक्ताचा डाग बघून संतापला. "गाढवीण संपली, ताई! मी बंदूक घेऊन वर जातो आणि सगळी टोळी निकालात काढतो. आणि तू या मेंढ्या आता विकून टाक. या वयात कशाला हा व्याप?"

"मेंढ्या गेल्या तर विणू काय, ओनोफ्रे? माझी वेणी?"

"ताई, थट्टा नको. आणखी एक कोकरू गेलं की मी मेंढ्या न्यायला गाडी बोलावणार."

"मला आठ दिवस दे. बंदूक घरी ठेव."

बाईंनी कुरणात खुर्ची टाकली, मांडीवर लोकर घेतली आणि पिंजत बसल्या. एक दिवस बसल्या, दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात थांबले. झाडाखाली आम्ही दोघे मानेला मान लावून उभे होतो आणि मेंढ्या पार दुसऱ्या टोकाला, एकट्या चरत होत्या. बाई कितीतरी वेळ आलटूनपालटून दोन्हीकडे पाहत राहिल्या.

संध्याकाळी त्या भावाला म्हणाल्या, "कोयोटी पोटासाठी आला, त्याला काय बोलू? हिचंही चुकलं नाही. एकटी होती तोवर मेंढ्याच हिचं घर होतं. मी हिला दुसरं घर दिलं. माझीच माया नडली बघ."

"मग आता?"

"चातोला टेकडीपलीकडे क्लेओफासकडे दे. त्याचीही कोकरं जातायत. एकटा राहिला की चातोही मेंढ्यांना धरून राहील."

"वा! आधी सोयरीक जुळवलीस, आता काडीमोडही तूच करतेस," ओनोफ्रे म्हणाला. पण बाईंचा चेहरा पाहून दावे आणायला गेला.

चातो गेल्यावर तीन दिवस मी बाईंच्या हातचे खाल्ले नाही. त्या कुंपणाशी येत, मी पाठ फिरवी. मला त्यांचा राग आला होता आणि तो खरा होता.

चौथ्या दिवशी सूर्य उगवताना टेकडीपलीकडून चातोचे रेकणे आले. त्याने मला हाक मारली होती. माझे पाय आपोआप कुंपणाकडे वळले. दहा पावले गेले असेन, तोच मागे मेंढी ओरडली. तोच आवाज, त्या सकाळचा. पुढून चातो बोलावत होता.

मी उलटी फिरले आणि धावले. कोयोटीची मादी होती. तिने कोकराचा मागचा पाय धरला होता. मी तिच्यासमोर दोन्ही खूर इतक्या जोरात आपटले की तिच्या तोंडावर माती उडाली. तिने कोकरू सोडले. ती बारीक झाली होती आणि तिच्या सडांतून दूध ओघळत होते. वर कड्यावर तिची पिल्ले वाट पाहत असणार. क्षणभर आम्ही एकमेकींकडे पाहिले. मग ती गेली आणि मी कुंपणाशी थांबले. तिच्या मागे गेले नाही.

कोकरू लंगडत जाऊन आईला लुचले. तेव्हा मी टेकडीकडे तोंड करून चातोला उत्तर दिले. खूप वेळ रेकत राहिले. पलीकडून आवाज आला नाही. तोही कामाला लागला असावा.

त्या वसंतात आणखी एकही कोकरू गेले नाही. गाडी आली नाही. ओनोफ्रेची बंदूक खुंटीवरच राहिली. कोयोटी आजही कड्यावर आहेत, आणि तिथे ते असावेतच.

तेव्हापासून बाई रोज दुपारी लोकर पिंजायची फणी घेऊन येतात आणि माझी मान खाजवतात. त्यांना ती नेमकी जागा सापडत नाही. आता तर त्यांचे हातही थरथरतात. पण त्या आल्याशिवाय राहत नाहीत, आणि मी मान पुढे केल्याशिवाय राहत नाही.

मित्रांनो, रानातल्या भुकेल्या जिवाला शिव्या देऊ नका. आपले घर आपण नीट राखावे. आणि तुमच्यासाठी कोणी कडेला उभे असेल, फाटकावरचा म्हातारा रखवालदार असेल, उंबऱ्यावरचा कुत्रा असेल, नाहीतर सगळे निजल्यावर कडी लावणारी तुमची आई असेल, तर त्याला काही लागत नाही असे समजू नका. त्याची जागा तुम्हाला बदलता येणार नाही कदाचित. पण जाता-येता त्याच्याजवळ थांबा. मान कुठे खाजते, ते त्याला विचारा.