डावा हात कमरेवर

मॉडेल बनवणाऱ्या माणसाला खरी दाद एकच. बघणाऱ्यानं फोटो हातात घ्यावा आणि विचारावं, "हे कुठलं स्टेशन?" बाकी "वा, किती बारीक काम", "किती दिवस लागले हो" हे सगळं तोंडदेखलं. त्या एका दादेसाठी मी अकरा वर्षं झुरलो आणि ती मिळाली तेव्हा मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

माझा मुरुम गावात फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट साईज. खाली स्टुडिओ आणि घर, वर पत्र्याच्या खोलीत येडशी स्टेशन. छोटी गाडी धावायची तेव्हाचं. माझे अब्बा तिथं पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते, मी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलो. पुढं मोठी लाईन आली, अडीच फुटी रूळ उखडले गेले. मी ते सगळं आठ बाय चारच्या प्लायवूडवर पुन्हा उभं केलं. माप एकास सत्त्याऐंशी, म्हणजे माणूस दोन सेंटिमीटरचा आणि इंजिन तळहाताएवढं.

इंजिनाचा बॉयलर इंजेक्शनच्या सिरिंजचा, वरचा घुमट पेनच्या टोपणाचा. रुळांमधली खडी म्हणजे क्रशरवरची कच, चहाच्या गाळणीतून तीनदा गाळलेली. जमिनीला शेतातली काळी माती, पण ती आधी तव्यावर भाजून घ्यावी लागते, नाहीतर तिच्यातून कोंब येतात. एकदा फलाटाच्या कडेला खरंच गवत उगवलं होतं. माती भाजल्यावर मिनाजनं, माझ्या बायकोनं, त्या तव्याला परत हात लावला नाही.

फोटो काढणं हे बनवण्याहून अवघड. कॅमेरा वरून धरला की खेळणं दिसतं. लेन्स त्या दोन सेंटिमीटरच्या माणसाच्या डोळ्याइतकी खाली न्यावी लागते. जवळचं नीट धरलं की लांबचं धूसर होतं आणि तिथंच चोरी पकडली जाते. म्हणून पुढच्या खड्यापासून मागच्या डोंगरापर्यंत एकेक टप्पा धरत पंचवीस फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांचा एक करायचा. ऊन दुपारी चारचं, पश्चिमेच्या खिडकीतलं. धूर कापसाचा, काजळात माखलेला. उदबत्तीचा धूर लगेच चुगली करतो की हे सगळं लहान आहे.

असे फोटो मी छोट्या गाडीच्या आठवणींचा एक ग्रुप आहे, त्यावर टाकायचो. तीनशे माणसं, बहुतेक जुने रेल्वेवाले आणि त्यांची मुलं. 'मॉडेल आहे' असं लिहून टाकलं की चार अंगठे. त्याच्याखाली कुणीतरी सकाळचं गुलाबाचं फूल टाकलं की त्याला चाळीस. माझं डोकं फिरलं. मी मूळचाच तापट. ऑगस्टमध्ये एक फोटो काळापांढरा केला, त्यात जुन्या फिल्मसारखे दाणे आणले, कोपऱ्यात घडीची रेघ आणली आणि खाली लिहिलं, 'येडशी, १९८९. वडिलांच्या पेटीतून.' तासाभरात दोनशे अंगठे! लोक रडले. एकानं तर इंजिनाच्या ड्रायव्हरचं नावसुद्धा सांगितलं. मी वरच्या खोलीत एकटाच हसत बसलो होतो.

"झूट लिखे तुमे," मिनाज म्हणाली.

"दो दिन में बता देता की," मी म्हणालो.

दोन दिवस गेले, आठ गेले. अंगठे वाढत होते, मी सांगितलं नाही. नवव्या दिवशी सास्तूरहून कृष्णराज आला.

तो लोहाऱ्याला जीप चालवतो. तिशी ओलांडलेला, बोलायला सरळ. काउंटरवर फोन ठेवून त्यानं तोच फोटो उघडला.

"साजिदभाई, ह्यो फोटो तुमीच टाकलाव न्हवं?"

"व्हय."

त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. फलाटाच्या टोकाला, इंजिनात पाणी भरायच्या नळखांबाजवळ एक हमाल पाठमोरा, अर्धा वळून उभा. डोक्याला पटका, डावा हात मागं कमरेवर.

"हे माझे वडील हायेत," तो म्हणाला. "धनाजी. येडशीला हमाली करायचे. आईनं बघितल्याबरोबर वळखलं."

तो सांगत गेला. त्र्याण्णव साली धनाजी गणपती विसर्जनाला गावी आला होता. पहाटे भूकंप झाला. सहा महिन्यांच्या कृष्णराजला आणि त्याच्या आईला, दगडाबाईला, लोकांनी ओढून काढलं. धनाजी माळवदाखाली राहिला. घरात एकच फोटो होता, लग्नातला. तोही ढिगाऱ्यात गेला.

"आई म्हणती, डोळं मिटलं की दिसत्यात तिला, जसेच्या तसे. मला कुठं दिसायलेत? बत्तीस वर्षं झाली, मला माझ्या बापाचं तोंड ठाव न्हाय. तीस सप्टेंबरला लोक घरोघरी फोटोला हार घालत्यात. आमी पाटावर नुसता नारळ ठिवतो."

"आईनं कशावरनं वळखलं?"

"हातावरनं. पोती उचलून उचलून पाठ धरायची त्यांची. उभं ऱ्हायले की डावा हात कमरेवर."

आता त्या हाताचं सांगतो. तो पुतळा मी तांब्याच्या तारेवर एम-सील थापून केला होता. त्याचा डावा हात डोक्यावरच्या पोत्याला धरलेला असणार होता. चिकटवताना तो खांद्यातून मोडला. दुसरा करायचा कंटाळा आला म्हणून मोड दिसणार नाही असा मागं नेऊन कमरेवर चिकटवला आणि पोतं काढून टाकलं. बस, एवढंच. त्या स्टेशनवर दहा-बारा हमाल असायचे, मला त्यातल्या एकाचंही तोंड आठवत नाही.

हे तिथंच सांगायला हवं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण तो फोनमधल्या त्या माणसाकडं अशा नजरेनं बघत होता की माझी जीभ उचलेना. आणि खरं सांगतो, लाजेनं कान तापलेले असताना आत कुठंतरी मला बरंही वाटत होतं. लग्नाच्या बायकोनं नवरा म्हणून ओळखावा इतकं माझं काम सच्चं! असला मी माणूस.

"तोंड तेवढं साफ करून मोठा करून द्या," कृष्णराज म्हणाला. "तुमी स्टुडिओवाले करताव की."

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. माणूस गेला की घरचे त्याचं आधारकार्ड घेऊन येतात. मी केस विंचरतो, सुरकुत्या कमी करतो, अंगात कोट चढवतो, मागं निळा पडदा सोडतो. जन्मात कोट न घातलेली कितीतरी माणसं माझ्या हातून कोट घालून भिंतीवर गेली आहेत. पण इथं साफ करायला तोंडच नव्हतं. ज्वारीच्या दाण्याएवढं डोकं आणि त्यावर ब्रशनं दिलेला एक तपकिरी ठिपका.

"फोटोत तोंड नीट न्हाय," मी म्हणालो. "मावशीला इचारून बनवावं लागंल."

रात्री जेवताना मिनाजला सांगितलं तर तिनं ताट बाजूला सारलं.

लॅपटॉप घेऊन मी सास्तूरला गेलो. भूकंपानंतर बांधलेल्या एकसारख्या घरांच्या रांगेत त्यांचं घर. दगडाबाई साठीला टेकलेली, हाडापेरानं मजबूत. तिनं मला दुधाचा चहा दिला आणि शेजारी येऊन बसली. मी कृष्णराजचाच चेहरा पायाला घेतला, बापलेकांत काहीतरी सारखं असणारच म्हणून.

ती डोळे मिटायची, थोडा वेळ तशीच बसायची, मग उघडून सांगायची. "नाक इतकं बारीक न्हाय, बाबा." मी नाक रुंद करायचो. परत डोळे मिटायची. "भुवया जाड. कपाळावर हितं वण व्हता, बैलानं मारलेला." मी वण काढला. ती हसली, तो वण बघून तिनं पदर तोंडाला लावला. पहिल्या दिवशी आम्ही तीन तास बसलो आणि ती शेवटी म्हणाली, "न्हाय जमलं. ह्ये न्हाईत."

दुसऱ्या खेपेला मी गाल बसवले, मिशी आणली. मिशी चार तऱ्हेची करून दाखवली. ती गोंधळली. "ही का? न्हाय, ती पयली दाव बरं. थांब, परत ही दाव." तिसऱ्या खेपेला काम भराभर झालं. मला वाटलं, आता हात बसला. एक गोष्ट मला दिसली होती, पण मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. त्या दिवशी दगडाबाई डोळे मिटतच नव्हती. पडद्याकडं बघूनच सांगत होती.

"असंच असंल," ती शेवटी म्हणाली.

मी कोट चढवला नाही. पांढरा सदरा आणि पटका ठेवला, मागं नळखांब आणि फलाट. माझ्या आयुष्यात मी इतका चांगला फोटो केलेला नाही.

तीस सप्टेंबरला कृष्णराजनं पाटावर फ्रेम ठेवली. मला बोलावलं होतं, मी गिऱ्हाइकाचं निमित्त सांगून गेलो नाही. त्यानं फोनवर व्हिडिओ पाठवला. तो फोटोसमोर आडवा झालाय, उठतच नाहीये. मागून त्याची चार वर्षांची शिवांजली विचारतेय, "ह्ये आजोबा का?" मी तो व्हिडिओ एकदाच बघितला. त्यानंतर वर जाऊन इंजिनाला हात लावायची माझी इच्छा मेली.

दिवाळीच्या आदल्या रविवारी कृष्णराजचा फोन आला. "आईला घेऊन बाजाराला आलाव. तुमच्या वडिलांची पेटी बघायची व्हती. अजून एखाद्या फोटोत असतील की."

मी हो-नाही करेपर्यंत जीप दारात उभी. मिनाजनं दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"अब तुमे बताओ," ती म्हणाली. "नहीं तो मैं बताती."

मी बाहेर आलो आणि म्हणालो, "वर चला. पेटी न्हाय, पर दावायचं हाय."

चार वाजले होते. ऊन खिडकीतून बरोबर फलाटावर पडलं होतं, सावल्या लांब झाल्या होत्या. माझ्या खोलीची याहून चांगली वेळ नाही. दगडाबाई दारातच थबकली. "आगं बाई! येडशी की रं ही!" ती वाकून बघायला लागली. "ही चिंच. हितं बसून भाकरी खाल्ली व्हती आमी, मला पयल्यांदा आणलं तवा." ती चिंच मी वाळलेल्या तरवडाच्या काडीची केली होती.

कृष्णराज वाकला नाही. तो एकदा फळीकडं आणि एकदा हातातल्या फोनकडं बघत होता. मग तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं एक डोळा मिटून दुसरा फलाटाच्या उंचीला आणला, मी लेन्स आणतो अगदी तिथंच. त्याच्या समोर नळखांबापाशी तो हमाल उभा होता, डावा हात कमरेवर ठेवून.

मग मी सगळं सांगितलं. १९८९ खोटं, पेटी खोटी. पुतळा एम-सीलचा. हात मोडला म्हणून मागं चिकटवलेला. त्याला तोंड नव्हतं, ते मी कृष्णराजच्या तोंडावरून ओढून काढलं. आणि हे सगळं का, तर चार अंगठे मिळायचे त्याऐवजी दोनशे मिळावेत म्हणून. "माफ करा" हेही म्हणालो. त्या खोलीत तो शब्द फारच हलका वाटला.

कृष्णराज उठला. मला वाटलं, तो फळी उलथून टाकेल. टाकावी असंही वाटलं.

"म्हंजी म्या कुणाच्या पाया पडलो?" तो म्हणाला.

मी चिमट्यानं पुतळा सोडवला आणि तळहातावर घेऊन त्याच्यापुढं धरला. का धरला, मला आजही सांगता येत नाही. त्यानं त्याच्याकडं बघितलंही नाही. "चल आई," म्हणून तो जिन्याकडं वळला.

दगडाबाई हलली नाही. ती चिंचेपाशी उभी होती आणि तिनं डोळे मिटून घेतले होते. ऊन तिच्या तोंडावर होतं. एकदा तिनं मान हलवली, डोळे उघडले, पुन्हा घट्ट मिटले. मग माझ्याकडं वळली. रागानं नाही.

"फोटू खोटा तर खोटा, बाबा," ती म्हणाली. "त्याचं काय न्हाय. पर म्या आता डोळं मिटून बघितलं. तूच केलेला यितोय, त्याच मिशीचा. आमचे व्हते ते यिनाच झाले. बत्तीस वर्सं यायचे की रं रोज. ते कुठं ठिवलेस?"

जिन्यात कृष्णराजची पावलं थांबली. पुतळा अजून माझ्या तळहातावर होता. दगडाबाई माझ्याकडं बघत उत्तराची वाट पाहत राहिली, पावती घेऊन आपला फोटो न्यायला आलेलं गिऱ्हाईक थांबतं तशी.