तिसरी किल्ली

देवासच्या भाड्याच्या घरात सामान उतरलं आणि मायलेकींचा पहिला वाद कुलपावरून झाला. आईचं म्हणणं, आधी दूध उतू घालू, मग बाकीचं. लेकीचं म्हणणं, दूध संध्याकाळीही उतू जाईल, आधी दाराचं लॉक बदलू.

"आधीच्या किराएदाराकडे चाबी असेलच ना आई," देवश्री म्हणाली. "त्याच्या कामवालीकडे असेल, भावाकडे असेल. आपल्याला काय माहीत?"

"किल्ली म्हण. चाबी काय? धारच्या भोइट्यांची लेक ना तू?"

"बरं, किल्ली. पण बदलायची."

जानकीबाई भोइटे पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या. त्यांच्या आजेसासऱ्यांना दरबारात मान होता. दरबार गेला, मान गेला, राहिली ती बोलण्यातली ऐट. लेक हिंदी शाळेत शिकली, हिंदी शाळेतच शिकवायला लागली, त्यामुळे तिच्या मराठीला ठिगळं होती आणि आई ती रोज मोजून दाखवायची. पण कुलपाच्या बाबतीत आईचं काही चाललं नाही. बस स्टँडजवळच्या दुकानातून एक माणूस आला, त्यानं जुनं लॉक काढलं, नवं बसवलं आणि तीन किल्ल्या हातात ठेवल्या. एक देवश्रीच्या पर्समध्ये गेली, दुसरी आईच्या कमरेला आणि तिसरी देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मागे. मग दूध उतू गेलं. देवश्री त्या दिवशी खूप महिन्यांनी पोटभर जेवली.

तिला आधीच्या किराएदाराची भीती नव्हतीच. ते आपलं बोलायचं निमित्त. तिला भीती होती अजेयची, तिच्या नवऱ्याची. सरदारपुरात त्याची खत-बियाण्याची एजन्सी होती, जिभेवर साखर होती आणि गावात नाव होतं. हात उगारायच्या आधी तो उठून दार-खिडक्या लावून घेई. शेजाऱ्यांनी ऐकू नये एवढी लोकलाज त्याला होती. सहा वर्षं तिनं काढली. सातव्या वर्षी उजवा हात प्लास्टरमध्ये घालून ती धारला आईकडे आली, ती परत गेली नाही. पुढे देवासच्या शाळेत नोकरी मिळाली, तेव्हा आईनं धारच्या खोल्यांना टाळं घातलं आणि म्हणाली, "चल, तू एकटी राहायची नाहीस." आई वाईट होती असं कुणी म्हणेल तर ते खोटं. देवश्रीला जगात हवं होतं ते एवढंच, की आपण आत असताना अजेय येऊ शकणार नाही असं एक दार. ते तिला मिळालं होतं.

त्या वर्षी श्रावण अधिक आला. जानकीबाईंनी तांदूळ भिजवले, कांडून आणले, गुळात मुरवले आणि अनारसे केले. घरभर तुपाचा वास. देवश्रीनं विचारलं, "इतके कुणासाठी?"

"अधिक आहे. दान नको का करायला?" आई म्हणाली आणि तिनं खसखशीची वाटी पुढे ओढली. देवश्रीला वाटलं, कोपऱ्यावरच्या मारुतीच्या पुजाऱ्याला देणार असेल. टेकरीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढणं होत नाही म्हणून आईनं हल्ली देवीऐवजी त्या मारुतीलाच धरलं होतं. तिनं एक अनारसा उचलून तोंडात टाकला आणि वह्या तपासायला बसली.

त्यानंतरच्या आठवड्यात ती शाळेतून आली, जेवली आणि आडवी झाली. आई मारुतीला गेली होती. तिच्याजवळ किल्ली होती, म्हणून आतून कडी लावली नव्हती. देवश्रीला जाग आली तेव्हा पायाशी खुर्चीत अजेय बसला होता. बूट त्यानं दाराशी नीट जोडीनं काढून ठेवले होते.

"झोप, झोप," तो म्हणाला. "फार दमतेस तू."

त्यानं खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली. त्याच कडीत दुसरी एक चमकत होती.

"आईसाहेबांनी दिली. तू शाळेत, त्या घरी एकट्या. काही कमी-जास्त झालं तर कुणीतरी घरचं नको? आता येत-जात राहीन." एवढं बोलून त्यानं बूट घातले आणि दार अलगद ओढून घेऊन गेला. ना आरडाओरडा, ना अंगाला हात. ती मात्र भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन, आई येईपर्यंत तशीच बसून राहिली. मारून गेला असता तर निदान आता संपलं असं तरी वाटलं असतं.

आई आली. प्रसादाची पुडी हातात तशीच राहिली.

"तू दिलीस?"

जानकीबाई पाटावर बसल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "वाणाला बोलावलं होतं त्यांना. तू शाळेत होतीस. पाय धुतले, ओवाळलं, ताम्हनात तेहतीस अनारसे नि वर दिवा ठेवून दिला. म्हटलं, तुझं त्यांच्याशी काही असो, माझं वाण का चुकावं? तुझे बाबा होते तोवर एक अधिक चुकला नाही." त्यांनी पुडी खाली ठेवली. "मग जाताना त्यांनी हात पुढे केला. म्हणाले, आईसाहेब, एक किल्ली माझ्याकडे असू द्या."

"आणि तू देव्हाऱ्यातून काढून दिलीस."

"अधिकात जावई म्हणजे नारायण असतो गं. नारायणानं हात पसरल्यावर मी नाही म्हणू?"

"या नारायणानं माझा हात मोडलाय, आई!"

"ते एरवी. मी अधिकाचं बोलतेय."

यावर हसावं की कपाळ बडवावं? देवश्रीनं दोन्ही केलं नाही. ती उठली, छत्री घेतली आणि पोलीस ठाण्यात गेली.

ठाण्यातल्या माणसानं तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "ताला तोड़ा क्या उसने?"

"नहीं. चाबी से खोला."

"मारपीट?"

"आज नहीं की."

"धमकाया?"

देवश्रीनं आठवून पाहिलं. झोप, दमतेस, येत-जात राहीन. हे धमकी म्हणून कसं सांगायचं? "नहीं," ती म्हणाली.

"चाबी किसने दी उसको?"

"मेरी माँ ने."

त्यानं पेन खाली ठेवलं. वाईट माणूस नव्हता तो, चेहऱ्यावर थोडी दयाही होती. "देखो मैडम, पति है, सास ने खुद चाबी दी है. हम क्या लिखें इसमें? आप तो पहले घर में समझा लो."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती परत निघाली तेव्हा पावसानं साडीचा काठ भिजून जड झाला होता. वाटेत ती बस स्टँडजवळच्या त्याच दुकानाशी थांबली, पण लगेच आत गेली नाही. नवं लॉक लावायचं ते कशासाठी? पुन्हा तीन किल्ल्या येणार, त्यातली एक आईला द्यावीच लागणार, आणि कुंपणानंच शेत खाल्लं तर राखण कुणी करायची? आईला धारला पोहोचवावं तर तिथे तिला बघायला कुणी नाही, आणि इथे देवश्रीला तरी दुसरं कोण होतं? तिनं खूप विचार केला. चांगलं असं काहीच निघालं नाही. शेवटी ती आत गेली.

दुकानदार म्हणाला, "दोनों तरफ से चाबी वाला ले जाओ दीदी. अंदर से भी बिना चाबी के नी खुलेगा. एकदम पक्का." त्याचा माणूस सोबत आला आणि दिवेलागणीच्या आत लॉक बसवून गेला.

सकाळी शाळेला निघताना देवश्रीनं एक किल्ली आईसमोर धरली. "देवीची शपथ घे. त्याला देणार नाहीस. दार उघडणार नाहीस."

जानकीबाईंनी हात मागे घेतले. "शपथ घालू नकोस बाई. मोडणारी मीच, नि पाप लागायचं तेही मलाच."

"म्हणजे तू पुन्हा देशील?"

"देईन." रात्रभर त्यांचाही डोळा लागला नव्हता. "मी स्वतःला ओळखते ना. ते दारात उभे राहून आईसाहेब म्हणाले, की माझा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडे जातो. मग पुढचं माझ्या हाती राहत नाही. सगळा जन्म तसाच गेला. तुझा मोडलेला हात मी शेकला नि त्याच हातांनी त्यांचे पाय धुतले. मला कळतं गं. कळून काही होत नाही."

देवश्रीला ओरडायचं होतं. पण समोर एक म्हातारी लहान मुलीसारखी हात पाठीमागे धरून बसली होती, तिच्यावर काय ओरडणार?

"मला किल्लीच नको," जानकीबाई म्हणाल्या. "बाहेरून लावून जा. ते आलेच तर मी खिडकीतून सांगेन, माझ्याकडे किल्ली नाही. ते खरंच असेल. मला नाही म्हणावं लागणार नाही."

"दिवसभर कोंडून घेणार आहेस स्वतःला?"

"नाहीतरी कुठे जाते मी? एक मारुती. तो काही माझ्यावाचून उपाशी राहत नाही."

"पडलीस तर? काही पेटलं तर?"

"तुझ्यादेखत गॅस बंद करते. जा आता, उशीर होतोय तुला."

त्या खरंच उठल्या. गॅसची टाकी बंद केली, पाण्याचा तांब्या भरून खाटेशी ठेवला आणि पोथी घेऊन बसल्या. देवश्रीनं तिन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. दार ओढलं. लॉकमध्ये किल्ली दोनदा फिरवली. आईला कोंडून ती निघाली होती, आणि याहून सुरक्षित दुसरं काही तिच्यापाशी उरलं नव्हतं.

पायरी उतरणार तोच आतून आवाज आला.

"ओढून बघ गं. नीट लागलंय का?"

देवश्रीनं मूठ धरून दार ओढून पाहिलं.

"लागलंय, आई," ती म्हणाली.