उजव्या बाजूची काच

एरास्मो ओयार्सूनच्या निळ्या गाडीवरचा बर्फ एकतीस हिवाळे त्याच्या बायकोने, नेलिदाने, खरवडला. गाडी त्याची, किल्ली त्याच्या खिशात, कुठल्या रस्त्याने जायचं हे ठरवणार तो. बर्फ तेवढा तिचा. जगाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआइया शहराच्या वरच्या वस्तीत, डोंगराच्या अंगावर चढत गेलेल्या त्या गल्लीत, ही वाटणी कोणालाच खटकत नव्हती. नेलिदाला तर मुळीच नाही. सकाळी सात वाजता, बाहेर काळोख असताना, तो स्टोव्हपाशी बसून माटेचा, म्हणजे तिकडच्या कडवट पाल्याच्या चहाचा, शेवटचा घोट नळीने ओढायचा आणि ती टोपी कानांवर ओढून बाहेर पडायची.

तिचं हत्यार म्हणजे त्याचं बंदर कामगार संघटनेचं जुनं कार्ड. दर चार वर्षांनी त्याला नवं मिळालं की जुनं तिच्या हाती यायचं. लोखंडी पट्टीने काचेवर चरे पडतात, कार्डाने पडत नाहीत. दोन हिवाळ्यांत कार्डावरचा एरास्मोचा फोटो घासून जायचा, आधी मिशी, मग डोळे. किटलीतलं कढत पाणी काचेवर ओतायचं नसतं, हे ती लग्न होऊन आली त्याच महिन्यात शिकली होती. उत्तरेकडून नव्याने आलेलं दर बिऱ्हाड ते एकदा तरी ओततंच, आणि काच तडकली की गाडीच्या कंपनीच्या नावाने खडे फोडतं. काच आतून धुरकटली तर बाही फिरवायची नसते, खिडकी दोन बोटं खाली करायची असते, हेही तिला ठाऊक होतं. बर्फाच्या बाबतीत त्या गल्लीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

इतकं कळत असूनही तिने समोरची काच कधी पुरती साफ केली नाही. डावा अर्धा, म्हणजे चालवणाऱ्यापुढचा, जेमतेम मोकळा व्हायचा की एरास्मो दारातून हजर. "माझी बाजू झाली ना? मग चल, म्हातारे, बस लवकर!" ती तिशीची होती तेव्हापासून तो तिला म्हातारे म्हणायचा आणि ती त्याला म्हाताऱ्या. मग ती उजवीकडे बसायची, समोर पांढरा बर्फ, आणि गाडी उतार उतरायला लागायची. ती कामाला होती त्या शाळेच्या स्वयंपाकघराशी ती उतरायची, तो पुढे बंदरावर जायचा.

एप्रिलमध्ये बंदरावर दोर ओढता ओढता एरास्मोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीव वाचला, बोलणं महिन्याभरात ताळ्यावर आलं, काठी टेकत घरातल्या घरात तो चालायलाही लागला. डॉक्टरीणबाईंनी मात्र नेलिदाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा. वसंतापर्यंत हात जागा झाला तर झाला. नंतर मग माझ्याकडे आशेने येऊ नका."

तीनदा आणायचं कसं? बर्फ पडला की टॅक्सीवाले त्या चढावर यायला तयार नसत. शेजारची ग्रिसेल्दा स्वतः टॅक्सी चालवायची, ती आठवड्यातून एकदा न्यायची. पण तिलाही पोट होतं. आणि दारात निळी गाडी उभी होती, बर्फासाठी खिळ्यांचे टायर चढवलेली, ठणठणीत.

"मी गाडी शिकते," एका संध्याकाळी सूप वाढता वाढता नेलिदा म्हणाली.

"कोणाची?"

"आपली. दारात उभी आहे तीच."

"माझी गाडी तू चालवणार. आणि मी काय करणार?"

"शेजारी बसणार."

एरास्मोने डाव्या हातातला चमचा खाली ठेवला. "ऐक, म्हातारे. माझ्या गाडीत मी उजवीकडे बसणार नाही. हाताची काठी झाली तरी चालेल. बंदरावरची पोरं बघतील नि म्हणतील, ओयार्सूनला बायको हवा खायला नेते."

"बंदरावरच्या पोरांना दुसरी कामं नाहीत का?"

"नाहीत! मी होतो तिथे, मला माहीत आहे!"

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. अर्धं अंग गेलं, पण हेका सगळाच्या सगळा शाबूत. नेलिदाला रडू आलं नाही, राग आला. रागाच्या भरात तिने त्याच रात्री ग्रिसेल्दाचं दार ठोठावलं.

पुढचे सगळे रविवार एरास्मोच्या खिशातली किल्ली घेऊन दोघी निळ्या गाडीने गोदामांमागच्या मोकळ्या जागेत गेल्या. नेलिदा छप्पन्न वर्षांची, मोठमोठी पातेली उचललेले दंड, पण क्लचवर तिचा पाय नुसता घुटमळायचा.

"अगं, क्लच आहे तो, कणीक नाही!" ग्रिसेल्दा ओरडायची. "मळत काय बसलीस? दाब म्हणजे दाब!"

"दाबते आहे की."

"गाडी पण तेच म्हणते, बघ कशी उड्या मारते आहे." मग हसून हसून दमल्यावर ती म्हणायची, "एक ध्यानात ठेव. हिवाळ्यात परीक्षेच्या तक्त्यावर पहिला रकाना काचांचा. बशीएवढं भोक पुसून त्यातून डोकावत जे निघतात ना, त्यांना परीक्षा घेणारा तो विदाल साहेब जागचं हलू देत नाही. सगळ्या काचा पुसायच्या. नुसती डावी नाही."

"बर्फाचं तू मला शिकवू नकोस," नेलिदा म्हणाली. तेवढ्या एका गोष्टीत ती निर्धास्त होती.

जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शुक्रवारी परीक्षा होती. ग्रिसेल्दाने निळी गाडी परवान्याच्या कचेरीमागच्या मैदानात आणून लावली आणि ती आपल्या भाड्याला गेली. नेलिदा आत बाकावर तासभर बसली. तेवढ्यात बाहेर पाण्याबरोबर बर्फ पडला आणि पडल्या जागी गोठला. अकरा वाजता, सूर्य नुकता डोंगराच्या धारेवर आलेला असताना, गुडघ्यापर्यंत कोट घातलेल्या एका किडकिडीत माणसाने, म्हणजे विदाल साहेबांनीच, दारातून तिच्या माहेरच्या आडनावाने हाक मारली.

"कार्कामो, नेलिदा! गाडी तयार करा."

नेलिदाने कार्ड काढलं. आधी टपावरचा बर्फ लोटला, नाहीतर ब्रेक दाबताच तो घसरून काचेवर येतो. मग वायपर उभे केले, दिवे पुसले. मग समोरची काच, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मागची, बाजूच्या, दोन्ही आरसे. शेवटी आत वाकून स्पिरिटच्या फडक्याने आतली वाफ टिपली. हात असे चालत होते की रांगेतली पोरं हातातले फोन विसरून बघत राहिली. विदाल साहेबांनी पहिल्या रकान्यात खूण केली आणि सवयीने ते आपल्या जागेकडे, उजव्या दाराकडे आले.

नेलिदाने कार्ड खिशात टाकलं. बूट आपटून बर्फ झाडला. उजवं दार उघडलं, आत बसली, दार लावलं, पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली.

विदाल दाराशी हात पुढे करून तसेच उभे. रांगेत हशा पिकला. वारा हाडात शिरत होता. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, पुढून वळसा घातला आणि ते डावीकडे जाऊन बसले. बसायला तेवढीच जागा उरली होती.

"सेन्योरा," चाकावर तक्ता टेकवत ते म्हणाले, "परीक्षा माझी आहे की तुमची?"

नेलिदाने त्यांच्यापुढचं चाक पाहिलं. मग आपल्या मांडीवरचे हात पाहिले. कानापासून मानेपर्यंत ती लाल झाली. दोघांच्या श्वासाने काच धुरकटायला लागली, तशी तिने न बघताच खिडकी दोन बोटं खाली केली.

"एकतीस वर्षं," ती म्हणाली. "बर्फ काढायचा नि इथे येऊन बसायचं. पाय आपोआप वळले, साहेब. नापास करायचं तर करा. पण माझ्या नवऱ्याला वसंतापर्यंत व्यायामाला न्यायचंय, आणि तो आधीच म्हणतो की मी तुझ्या शेजारी बसणार नाही. त्यात मी अशी. आमच्या घरात त्या चाकामागे बसायला आता कोणी नाहीच म्हणायचं."

विदाल काही गोड बोलले नाहीत. ते गोड बोलणाऱ्यांपैकी नव्हतेच. "थंडी आहे," ते म्हणाले. "बाजू बदलू या."

वीस मिनिटं तिने गाडी चालवली. चढावर एकदा बंद पडली, तिने ती पुन्हा सुरू केली आणि एक वीतही मागे जाऊ दिली नाही. परत मैदानात आल्यावर विदालांनी बराच वेळ लिहिलं.

"गाडी बंद पडली, दोन गुण गेले. आरशात कमी बघता, एक गेला."

"आणि ते... बसणं?"

त्यांनी कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. "चुकीच्या बाजूला बसल्याबद्दल किती कापायचे, असा रकाना इथे नाही. रकाना नाही तर चूकही नाही." आणि त्यांनी सही केली.

घरी एरास्मोने परवाना डाव्या हातात धरून दिव्याखाली नेला. "फोटोत डोळे मिटलेत तुझे," एवढंच म्हणाला आणि रेडिओ लावला.

"सोमवारी दहाची वेळ आहे," रेडिओच्या वर आवाज चढवून नेलिदा म्हणाली. "सव्वानऊला मी गाडीत बसणार. आलास तर आलास." शनिवार गेला, रविवार गेला, त्याने विषय काढला नाही. तिनेही नाही, पण आतून ती धास्तावलेली होती. उचलून तर त्याला नेता येणार नव्हतं. तो आला नाही तर तो कागद काय चुलीत घालायचा?

सोमवारी तिला जाग आली तेव्हा शेजारी पलंग रिकामा होता. काठी जागेवर नव्हती. दार नीट लागलेलं नव्हतं आणि फटीतून थंडी आत येत होती. पायरीवरचा बर्फ तिला आठवला. ती तशीच, झग्यावर कोट अडकवून, दाराशी धावली.

गल्लीतल्या दिव्याखाली एरास्मो गाडीच्या बॉनेटला पोट टेकून उभा होता. काठी आरशाला टांगलेली. डाव्या हाताने तो काच खरवडत होता, वेडीवाकडी, दर चार फराट्यांनी थांबत, धापा टाकत. बर्फाचा चुरा मिशीत अडकला होता.

नेलिदाने त्याच्या हातातलं कार्ड पाहिलं. तिचं, घासून गुळगुळीत झालेलं, तिच्या कोटाच्या खिशातच होतं. हे नवं होतं, अजून दोन वर्षं मुदत असलेलं. झटका आल्यापासून ते त्याने कपाटात बनियनांखाली जपून ठेवलं होतं, पुन्हा बंदरावर जाताना लागेल म्हणून. ते आज बाहेर आलं होतं. तिला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त, इतक्या वर्षांनी तो तिला फार आवडला.

"बघत काय उभी राहिलीस?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "कपडे कर. तुझी बाजू होत आली."

ती तयार होऊन आली तेव्हा डावा अर्धा मोकळा झाला होता. एरास्मोने उजवं दार स्वतः उघडलं, पाठ आधी आत टाकली, मग डाव्या हाताने उजवा पाय उचलून आत घेतला. तिने वाकून त्याचा पट्टा लावला. त्याने लावू दिला. मग ती वळसा घालून चाकामागे बसली, या खेपेला न चुकता. तिच्यापुढे छपरं होती, खाली खाडी होती, आणि आकाश नुकतं निळं व्हायला लागलं होतं. तिने गाडी सुरू केली.

"म्हातारे."

"काय?"

"इथून काहीच दिसत नाही गं."

"नाहीच दिसत."

एरास्मो समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत राहिला. "एकतीस वर्षं?"

"छे! वितळायचं की हळूहळू. शाळेपाशी येईपर्यंत सगळं स्वच्छ व्हायचं."

"आणि शाळेपाशी तू उतरायचीस."

"उतरायची."

मग त्याने खिशातलं कार्ड काढलं आणि त्याच हाताने तो दाराची कडी चाचपायला लागला.

"कुठे निघालास?"

"ही बाजू राहिली."

"बस गुपचूप. पडशील." तिने ब्रेक ओढला, त्याच्या हातातून कार्ड घेतलं आणि खाली उतरून उजवीकडे आली. बर्फ जाड होता. तिने खालून सुरुवात केली आणि वर वर जात राहिली. काचेपलीकडे आधी मिशी दिसली, मग डोळे. डोळे ओले होते आणि तिच्याकडेच बघत होते.

"उशीर होतोय!" तो आतून ओरडला.

"होऊ दे," ती म्हणाली, आणि पार कोपऱ्यापर्यंत खरवडत गेली.